वरचा दात

शेजारच्या बिऱ्हाडात काल हलव्याचा पाक चढला. मला कोणी सांगायला आलं नव्हतं, पण शाळेतून येऊन पायरीवर वहाणा काढतानाच वास आला. साखरेचा पाक कोळशावर मंद तापत असला की त्याला एक वेगळाच वास येतो. गोड तर असतोच, पण त्याच्या तळाशी किंचित करपल्यासारखंही काहीतरी असतं. सोलापुरात थंडी चांगली पडली की पेठेपेठेतून हा वास सुटतो. हवा दमट असली तर हलव्याला काटा येत नाही, असं आई म्हणायची. बायको म्हणाली, शेजारच्या नातवाचं बोरन्हाण आहे आणि तुम्हालाही बोलावलंय. मी म्हटलं, वह्या तपासायच्या राहिल्यात. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती आत गेली. दरवर्षी संक्रांतीच्या सुमाराला माझ्या वह्या नेमक्या तुंबतात, हे तिला एव्हाना पाठ झालं आहे.

मास्तरांना तान्ह्या मुलांचा कंटाळा आहे, असा माझ्याबद्दल समज आहे. तो मी कधी खोडून काढला नाही, कारण खरं कारण सांगण्यापेक्षा तो बरा. खरं असं, की मला दात यायला लागलेलं मूल बघवत नाही. कोणी कौतुकाने पुढ्यात आणून धरलं आणि ते मूल हसलं, की माझी नजर आधी त्याच्या वरच्या हिरडीवर जाते. तिथे काही नसलं तर बरं वाटतं. मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटते आणि मी चष्मा पुसायला लागतो.

या गोष्टीला सतरा वर्षं झाली. वडील मी इंग्रजी शाळेत असतानाच गेले होते. आईने आम्हा दोघा भावंडांना कसं वाढवलं, ते तिचं तिलाच माहीत. मी बावीस वर्षांचा, नुकताच मास्तर झालेला, आणि आईचा एकुलता एक मुलगा. माझ्याहून दोन वर्षांनी लहान असलेली वेणू सांगोल्याला दिली होती. तिचे यजमान, माधवराव, तिथल्या कचेरीत कारकून होते. पहिलं बाळंतपण म्हणून वेणू ज्येष्ठात माहेरी आली आणि साखर पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत इंदू जन्माला आली. तीन महिने झाले की लेक आणि नात सासरी पाठवायची, अशी आमच्याकडची रीत. पण त्या वर्षी पावसाने दगा दिला. सांगोल्याच्या विहिरी आश्विनातच तळाला गेल्या. वेणूच्या सासूबाईंनी लिहिलं, इथे प्यायला घागरभर पाणी मिळायची मारामार, तान्ह्या मुलीला कुठून न्हाऊ घालणार, तेव्हा संक्रांत होईपर्यंत दोघींना तिथेच राहू द्या. सांगोल्यावर आलेल्या त्या संकटाने आमच्या घरी मात्र इंदू राहिली. आम्हाला त्याचा आनंदच झाला, हे कबूल केलं पाहिजे.

लहान मूल इतक्या जवळून मी त्याआधी पाहिलं नव्हतं. इंदूला न्हाऊ घालायला लक्ष्मव्वा यायची. पलीकडच्या गल्लीत तिच्या नवऱ्याचे दोन हातमाग होते. घरात ती तेलुगू बोलायची आणि आमच्याशी आपलं मराठी. ती पाय पसरून बसायची, इंदूला पायांवर पालथी घालायची आणि कढत पाण्याचे तांबे ओतताना माझ्याकडे बघून म्हणायची, "मास्तर, बगा की जरा, तुमची भाची हाय." मी वर्तमानपत्राआडून बघत असे. न्हाणं झालं की ओव्याची आणि वेखंडाची धुरी, मग काजळ, मग दुपट्यात घट्ट बांधलेलं ते गाठोडं. पलीकडून मागांचा खटखट आवाज सुरू झाला की ते गाठोडं झोपायचं. अमावास्येला माग बंद असायचे, त्या दिवशी ती काही केल्या झोपत नसे. हे आम्हाला चौथ्या अमावास्येला कळलं.

तिने मान कधी धरली, ते मला आठवत नाही. पालथी पडली तो दिवस मात्र आठवतो. रविवार होता. मी चटईवर पेपर तपासत होतो आणि ती शेजारी पाय झाडत होती. एकदम आवाज थांबला म्हणून पाहिलं, तर ती पालथी पडून माझ्या लाल शाईच्या दौतीकडे बघत होती. एक हात अंगाखाली अडकला होता. तो सोडवावा की वेणूला हाक मारावी, हे मला कळेना. शेवटी मी दोन्ही केलं. वेणू धावत आली, आई मागून आली, आणि मूल आपल्याच समोर पालथं पडलं याचा मला इतका गर्व झाला, की दुसऱ्या दिवशी शाळेत मी ते शिकवण्याच्या ओघात सांगून टाकलं. वर्गातली मुलं हसली. मीही हसलो.

आणखी एक सांगतो. गिरणीचा भोंगा झाला की इंदू सुरुवातीला दचकून रडायची. पुढे तिचं दचकणं थांबलं. पाचव्या महिन्यात वेणूच्या लक्षात आलं, की संध्याकाळचा भोंगा झाला की ती मान वळवून दाराकडे बघते. कारण त्यानंतर थोड्या वेळाने मी शाळेतून घरी येत असे. मला हे खरं वाटेना. मग एकदा मी मुद्दाम लवकर येऊन खिडकीबाहेर उभा राहिलो. भोंगा झाला. आईच्या मांडीवरच्या त्या चिमुकल्या डोक्याने सावकाश वळून दाराकडे पाहिलं आणि ते तिथेच खिळलं. मी आत गेलो तेव्हा ती दोन्ही मुठी हलवून हसली. त्याआधी माझी वाट बघणारं आईखेरीज कोणी नव्हतं.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजायचं नाही. मी त्या काळी मोठा सुधारक होतो. म्हणजे बोलण्यात होतो. आईने माझ्या साडेसातीसाठी शांती करायचं काढलं, तेव्हा मी भटजींसमोरच त्यांची थट्टा केली आणि या घरात मी कसल्याही शांतीला बसणार नाही असं ठणकावलं. शाळेतल्या वक्तृत्वमंडळात मी अंधश्रद्धेवर भाषण दिलं, ते गावात थोडंफार गाजलं. त्यात मी मांजर घेतलं होतं, शिंक घेतली होती, आणि मुलाला वरचा दात आधी आला तर तो मामाला जड जातो ही समजूतही घेतली होती. मी म्हटलं होतं, दात हाडासारखा, त्याला डोळे नसतात, त्याला आपला मामा कोणता हे कसं कळणार? टाळ्या पडल्या होत्या. वेणूला ते वाक्य फार आवडलं होतं. बाळंतिणीच्या खाटेवर बसून तिने माझ्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं होतं.

मार्गशीर्षात इंदूचं उष्टावण केलं. पहिला घास मामाने भरवायचा. मी पाटावर बसलो, मांडीवर इंदू, समोर चांदीच्या वाटीत खीर. वडिलांची अंगठी खिरीत बुडवून तिला चाटवायची होती. शेजारच्या काकू ओवाळायला आल्या होत्या. आई विधवा, त्यामुळे ती मागे स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी अंगठी खिरीत बुडवून इंदूच्या ओठांशी नेली. तिने तोंड उघडलं आणि अंगठी वर कुठेतरी लागली. हिरडी मऊ असते. हे मऊ नव्हतं. बारीक टक् असा आवाज आला, तो मला बोटांतून ऐकू आला.

मी वर पाहिलं. वेणू इंदूकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. पाजणाऱ्या आईला दात आधी कळतो, हे मला तेव्हा सुचलं. तिला ठाऊक होतं. तिने डोकं किंचित हलवलं. आईने मागून विचारलं, गिळली का ग खीर? मी म्हटलं, गिळली. आणि दुसऱ्यांदा अंगठी बुडवली.

दुपारी मी अंगणात हात धूत असताना वेणू जवळ आली. म्हणाली, "दादा, आईला सांगू नकोस. चार दिवसांत खालचे येतील, मग आधी कुठला आला ते कोण विचारतंय."

मी हसलो. माझं भाषण विसरलीस का, असं तिला विचारलं.

"विसरले नाही," ती म्हणाली. "म्हणून तर तुला सांगते."

पुढचे काही दिवस तिने तो दात लपवला. इंदू हसायला लागली की तिच्या तोंडावर ओठ टेकायचे, पदराचं टोक पुढे करायचं, आई जवळ आली की तिला खांद्यावर पालथी टाकायची. आई त्या दिवसांत हलव्यात गुंतली होती. पितळी परात कोळशावर ठेवून ती तिळांवर चमच्याने थेंब थेंब पाक सोडायची आणि बोटांच्या टोकांनी ते हलवत राहायची. तासन्‌तास. इंदूच्या बोरन्हाणाला मुकुट, हार, बिंदल्या, कंबरपट्टा, सगळं हलव्याचं करायचं होतं. इंदूला उशांच्या आधाराने परातीसमोर बसवलेलं असे. ती त्या हलणाऱ्या बोटांकडे एकटक बघायची. आई खाली परातीत बघत असे म्हणून बरं, असं वेणू मला हळूच म्हणाली. आम्ही दोघं लहानपणी चिंचा लपवायचो तसं मला वाटलं.

लक्ष्मव्वेला अर्थातच कळलं. न्हाऊ घालणाऱ्या बाईपासून मुलाचं काय लपणार? ती वेणूला म्हणाली, "आमच्यात बी म्हनत्यात तसं. माज्या थोरल्याला वरचाच आला की आदी. भावानं नारळ दिला, हसला, झालं. लई इचार नगं करू." हे वेणूने मला सांगितलं आणि आम्ही दोघंही हसलो. नारळ आणण्याचं मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. सुधारक माणूस नारळ कसा आणणार?

पण मी तो दात रोज बघायला लागलो होतो. घरी आलो की इंदूला उचलून खिडकीपाशी न्यायचो आणि ती हसेल असं काहीतरी करायचो. खालची हिरडी गुळगुळीत होती. वरचा दात मात्र दिवसेंदिवस स्पष्ट दिसत होता. पायरीवरून पाय घसरला की मला तो आठवायचा. खोकला आला की आठवायचा. शाळेत भिंतीचा गिलावा माझ्या खुर्चीशेजारी पडला, त्या दिवशी घरी येऊन मी इंदूला घेतलंच नाही. भोंग्यापासून ती दाराकडे बघत होती म्हणे. मी सरळ आत गेलो.

मग मला ताप आला. मुदतीचा ताप. पेठेत त्या महिन्यात आणखी तिघांना आला होता आणि आम्ही सगळे एकाच आडाचं पाणी पीत होतो. हे मला तेव्हाही कळत होतं, हेच वाईट. दहाव्या दिवशी दुपारी आई माझ्या कपाळावर गार पाण्याच्या घड्या ठेवत होती. ताप उतरत नव्हता. ती स्वतःशीच बोलत होती. देवा, माझ्या हातून काय चुकलं, असं म्हणत होती.

मी म्हणालो, "तुझं काही चुकलं नाही. इंदूला वरचा दात आधी आलाय. वेणूला ठाऊक आहे."

मी वातात नव्हतो. लोक तापात बरळतात, तसं ते नव्हतं. मला छताचे वासे मोजता येत होते, बाहेर मागांचा आवाज ऐकू येत होता. मी पूर्ण शुद्धीत होतो. पहिलं वाक्य आईच्या समाधानासाठी होतं असं समजू. दुसरं भीतीपोटी होतं. पण तिसऱ्याची काय गरज होती? ते तिसरं वाक्य मी सतरा वर्षांत कोणालाही सांगितलेलं नाही.

आई ओरडली नाही. तिने घडी माझ्या कपाळावर ठेवली, उठली, आणि मधलं दार ओढून घेतलं. त्यानंतर इंदू मला दिसली नाही. आवाज मात्र ऐकू यायचा. त्याच दिवसांत ती "मा, मा" असं काहीतरी म्हणायला लागली होती. तो आवाज आईला होता की मामाला, यावर एरवी घरात भांडण झालं असतं.

दाराआडून आईचं आणि वेणूचं बोलणं मी ऐकलं. वेणू म्हणत होती, शांती करून टाकू, अर्ध्या दिवसाचं काम आहे. आई म्हणाली, "त्याला बसावं लागेल. तो बसायचा नाही. चार लोकांत बोलून बसलाय." मग बराच वेळ कोणीच बोललं नाही. त्या वेळात मला हाक मारता आली असती. बसतो, एवढा एकच शब्द पुरला असता. मी तो जिभेवर आणलासुद्धा. मग मला हेडमास्तर दिसले, वक्तृत्वमंडळातली पोरं दिसली, आणि मी ज्यांची थट्टा केली होती ते भटजी पाटावर बसून माझ्याकडे बघताना दिसले. मी डोळे मिटले. माझा सुधारकपणा मला शांतीला बसू देईना आणि माझी भीती भाचीला घरात राहू देईना. दोन्हीपैकी एक जरी खरं असतं, तरी ते मूल आमच्याकडे राहिलं असतं.

आईने शेजारून लिहवून घेऊन सांगोल्याला पत्र घातलं. माधवराव न्यायला आले. ते सज्जन गृहस्थ, कारण विचारलं नाही, पाण्याचं कसं करणार एवढंच वेणूशी हळू आवाजात बोलले. कुर्डुवाडीला गाडी बदलायची, पंढरपूरपर्यंत जायचं आणि पुढे बैलगाडी. सकाळी टांगा दाराशी आला. मधलं दार उघडलं आणि वेणूचा आवाज आला. ती उंबऱ्यावर उभी असावी, कारण इंदूचं हुंकारणं अगदी जवळून ऐकू येत होतं.

"दादा," ती म्हणाली, "जरा तोंड फिरव. आम्ही निघालोय."

तिच्या आवाजात राग नव्हता. मला मुलीचं तोंड दिसू नये, मला काही होऊ नये, म्हणून ती सांगत होती. मी भिंतीकडे तोंड केलं. चुन्याचा पोपडा निघालेला होता आणि त्याच्या खाली आधीच्या वर्षीचा निळसर चुना दिसत होता. टांगा गल्लीच्या टोकाशी वळेपर्यंत मी तो बघत राहिलो.

त्याच आठवड्यात माझा ताप उतरला. मुदत संपली होती, उतरायचाच होता. आईने देवापुढे साखर ठेवली. आणि खरं लिहायचं तर, घाम फुटून अंग गार पडलं तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं? गेली ते बरं झालं, असं वाटलं. एक क्षणच. पण तो क्षण माझाच होता.

संक्रांत आली. गड्ड्याच्या यात्रेला गाव लोटलं. नंदीध्वज आमच्या रस्त्यावरून गेले, तेव्हा मी अशक्तपणाने दाराला टेकून उभा होतो. आई हात जोडून उभी होती. तिच्या बोटांच्या टोकांना पाकाने पडलेले फोड अजून होते. हलव्याचा मुकुट पुरा झाला होता, हार अर्धा राहिला होता. तिने ते सगळं एका पत्र्याच्या डब्यात भरून फळीवर ठेवलं आणि पुढच्या वर्षी घालू म्हणाली. बोरन्हाण पुढच्या वर्षीही करता येतं. पण पहिलं ते पहिलं, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

मग वेणूची कार्डं येऊ लागली. कार्डावर आईचं नाव असे, आणि वाचून मी दाखवत असे, कारण आईला अक्षर लागत नव्हतं. इंदू आधाराशिवाय बसते. इंदूला खालचे दोन दात आले. इंदू रांगते, पण मागेमागे जाते. चैत्रात सासूबाईंनी शांती करून घेतली, मामाच्या जागी पाटावर नारळ ठेवला होता. हे वाचताना माझा आवाज बदलला असावा, कारण आईने मान खाली घातली. तेवढ्यावर भागत होतं तर. एका नारळावर. मग उन्हाळ्यात आलं, की इंदूने उंबरा ओलांडला. पाण्यासाठी वेणूला मैलभर जावं लागतं आणि ती पोरीला कडेवर घेऊन जाते. ज्येष्ठात आलं, की वाढदिवसाच्या आदल्या दिवशी इंदूने हात सोडून चार पावलं टाकली. आणि एका कार्डाच्या कडेला, जागा उरली म्हणून लिहावं तसं, बारीक अक्षरात होतं: इथे भोंगा नाही, तरी दिवे लागायच्या आधी ही दाराकडे बघत बसते. ते मी आईला वाचून दाखवलं नाही.

श्रावणात मी सांगोल्याला गेलो. चौदा महिन्यांची इंदू अंगणात चालत होती. मी हात पुढे केले. ती वेणूच्या लुगड्यामागे लपली आणि तिथून माझ्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघत राहिली. मग वेणूने तिला काहीतरी सांगितलं आणि ती हसली. वरचे, खालचे, सगळे दात रांगेत उभे होते. आधी कुठला आला, हे आता देवालाही सांगता आलं नसतं. वेणू म्हणाली होती तसंच झालं होतं. तिने फक्त चार दिवस मागितले होते.

कोणी विचारलं तर मी सांगायचो, मुदतीचा ताप सांसर्गिक, घरात तान्हं मूल ठेवू नका असं डॉक्टरांनी बजावलं म्हणून त्यांना पाठवलं. फार शास्त्रीय कारण आहे. लोक मान डोलवायचे. डॉक्टर तसं काही म्हणाले नव्हते. ते मी नंतर बनवलं, आणि इतक्या वेळा सांगितलं की बायकोलाही तेच ठाऊक आहे. आई चार वर्षांपूर्वी गेली. तिची फळी आवरताना तो पत्र्याचा डबा निघाला. आत काळा दोरा होता, पुठ्ठ्याचा मुकुट होता, आणि तळाशी मुंग्यांनी सोडलेला राखाडी चुरा. मी तो डबा पुन्हा फळीवर ठेवला.

आणि आता वेणू आणि इंदू इथे आल्या आहेत. गड्ड्याच्या निमित्ताने आल्या, पण मुख्य काम वेगळं आहे. माघात इंदूचं लग्न आहे. बोहल्यावर चढताना अंगावर मामाने दिलेली पिवळी साडी लागते, ती माझ्या बायकोने आणून ठेवली आहे. आणि भटजी हाक देतील, तेव्हा मुलीला हाताला धरून मामाने आणायचं असतं. इंदू मला तुम्ही म्हणते. तिची चुलत भावंडं आपापल्या मामांना अरे-तुरे करतात. तिला तसं कोणी शिकवलेलं नाही, ते माझ्या वाट्याला आपोआप आलं.

आज दुपारी आम्ही ओट्यावर हुरडा खात बसलो होतो. शेंगांची चटणी होती. वेणू कणसं चोळून गरम दाणे आमच्या पुढ्यात टाकत होती. इंदू एकदम म्हणाली, "मामा, माझा पहिला दात तुम्हीच बघितलात ना? आई नेहमी सांगते, घरात सगळ्यांत आधी मामाला दिसला. उष्टावणाला."

मी विचारलं, आणि पुढे काय सांगते?

"पुढे काय? एवढंच."

मी वेणूकडे पाहिलं. तिचे हात चालू होते. सतरा वर्षं तिने लेकीला ही गोष्ट एवढीच सांगितली होती, कौतुकाची म्हणून. मला वाटलं, आता बोलावं. लग्नाआधी या मुलीला कळलं पाहिजे, कोणाचा हात धरून ती बोहल्यावर जाणार आहे.

"वरचा होता, इंदू," मी म्हणालो. "वरचा आधी आला होता. आणि मी..."

"वरचा होता म्हणूनच तुला दिसला," वेणू म्हणाली. "खालचा असता तर जिभेआड राहिला असता. खा, दादा, हुरडा गार होतोय."

तिने ओंजळभर दाणे माझ्या पुढ्यात टाकले. इंदू हसली आणि चटणी मागू लागली. एकच दात वेणूने दोनदा लपवला होता. एकदा लेकीसाठी आणि एकदा माझ्यासाठी. आणि मी दोन्ही वेळा तिचं काम वाया घालवायला निघालो होतो, की या वेळी तरी बोलायलाच हवं होतं, हे मला अजून ठरवता येत नाही. मी दाणे खाल्ले.

घर अजून तेच आहे. भिंतीला दरवर्षी चुना लागतो, पण आतल्या खोलीतल्या त्या जागेला पोपडा धरतोच. संध्याकाळी मी तिथेच खाटेवर वह्या घेऊन बसलो होतो. बायकोने हौसेने इंदूला पिवळी साडी नेसायला लावली होती. मधलं दार उघडलं, बांगड्या वाजल्या, आणि मामांना दाखव जा, असा बायकोचा आवाज आला. त्याच वेळी गिरणीचा भोंगा झाला. मला एकदम भरून आलं. पोरीला ते दिसू नये म्हणून मी वहीसकट भिंतीकडे वळलो.

उंबऱ्यावर वेणू उभी असावी. तिच्या आवाजात आजही राग नव्हता.

"दादा," ती म्हणाली, "आता तोंड फिरवू नकोस. बघ तिच्याकडे."